ट्रेल रन पार पडली, आता आभार कसे मानायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातल्या एका रनिंग ग्रुपने ऑक्टोबरमध्ये यवतेश्वर आणि पेढ्याचा भैरोबा या बाजूच्या डोंगरवाटांवर २१ किलोमीटरची ट्रेल रन घेतली. साधारण ९० स्वयंसेवक होते. वाटेवरच्या दोन गावांनी मदत केली, शाळेने आवार दिलं, बचत गटाने भाकऱ्या केल्या, दुकानदारांनी पाण्याचे जार आणि केळी दिली. आभारासाठी ३० हजार रुपये शिल्लक आहेत. हॉल घेऊन सगळ्यांचा एकत्र सत्कार करावा, की प्रमाणपत्रं आणि टी-शर्ट वाटावेत?

एकत्र सत्कार करू नका, निदान आधी तरी नको. हॉल, साउंड, हार आणि शाली यांतच बहुतेक पैसे जातील. पाहुण्यांची भाषणं होतील, शेवटी कुणीतरी माइकवर ‘सर्व ज्ञात-अज्ञात हातांचे आभार’ मानेल, आणि पहाटे साडेचारला टॉर्च घेऊन डोंगर चढलेला मार्शल (वळणावर उभा राहून रनरना वाट दाखवणारा स्वयंसेवक) मागच्या रांगेत बसून ते ऐकेल. त्यातून त्याला काहीच मिळत नाही. आपण कुठे उभे होतो, काय केलं आणि त्यामुळे काय टळलं, हे कुणाच्या तरी लक्षात राहिलंय एवढं त्याला कळायला हवं. आभार नेमके असतील तरच पोचतात आणि नेमके आभार मानायला नोंद लागते. म्हणून पहिलं काम यादीचं.

यादी रनच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी बसून करा. चार दिवस गेले की निम्मे तपशील विसरायला होतात. नुसती नावं लिहून भागत नाही. नाव, मोबाइल, पॉइंट (वाटेवरची नेमून दिलेली जागा) नंबर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, काय काम केलं आणि त्या पॉइंटवर काय घडलं, असे रकाने करा. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. ‘तीन नंबरला धुकं होतं, खुणेची रिबीन दिसत नव्हती, शिट्टी वाजवून रनर वळवले’ एवढं वाक्य पुरतं. ते आठवत नसेल तर पॉइंट प्रमुखाला फोन करून विचारा.

व्हॉट्सॲप ग्रुपवरून यादी उतरवली की नेमकी ती माणसं सुटतात जी ग्रुपवर नसतात. जारचा टेम्पो अवघड चढावर नेणारा ड्रायव्हर, पहाटे शाळेच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढणारे शिपाईमामा, सभामंडप वापरू देणारे गुरव, ज्यांच्या बांधावरून वाट गेली ते शेतकरी. यादीतला मुलगा ऐन वेळी आजारी पडला म्हणून त्याच्या जागी आलेला भाऊ तर हमखास सुटतो; वर प्रमाणपत्र जातं न आलेल्याच्या नावाने. हे टाळायचं तर स्टार्टपासून फिनिशपर्यंत वाट मनात चाला. प्रत्येक ठिकाणी चारच प्रश्न विचारायचे: इथे कोण उभं होतं, सामान कुणी आणलं, कुलूप किंवा फाटक कुणी उघडलं, जागा कुणाची? मग आदल्या दिवशीचे आणि रनच्या दिवशीचे फोटो आणि फोनची कॉल-यादी त्याच्याशी ताडून पाहा. यादी दोघांनी वेगवेगळी तपासली की गाळलेली नावं सापडतात.

नाव कसं लिहायचं हे ज्याचं त्याला विचारा. एकाच आडनावाची चार माणसं एका गावात असतात, वडिलांचं नाव घातलं नाही तर कोण हे कळत नाही. चुकलेल्या नावाचं प्रमाणपत्र घेणारा तोंडावर काही बोलत नाही, पण पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

आता आभारांच्या आधी करायच्या दोन गोष्टी. पहिली, सगळी देणी चुकती करा. मंडपवाला, टेम्पो, चहावाला आणि बचत गट यांचे पैसे आठवड्याच्या आत गेले पाहिजेत. बचत गटाचे पैसे गटाच्या खात्यावर जमा करा, एकीच्या हातात रोख देऊ नका, त्यावरून गटात वाद होतात. दिवाळी तोंडावर असते आणि गटाला फराळाच्या ऑर्डरींसाठी भांडवल लागतं, त्यामुळे तुमच्यासाठी किरकोळ असलेला उशीर त्यांना महागात पडतो. स्वयंसेवकांनी स्वतःच्या गाडीवर सामान वाहिलं असेल तर पेट्रोलचे पैसे न मागता द्या. कुणाला मधमाशा चावल्या असतील, कुणी घसरून पडलं असेल, तर ग्रुपमधल्या दोघांनी घरी जाऊन यायचं, आणि औषधाचं बिल त्यांनी काढायच्या आत आपण विषय काढायचा.

दुसरी गोष्ट वाटेची. मार्किंगच्या रिबिनी, बाणांचे फलक, रनर धावताना खातात त्या गोड जेलची पाकिटं, कागदी कप हे सगळं उचललं गेलंय का ते पाहा. शेवटच्या रनरमागे येणारे स्वीपर मोठ्या रिबिनी काढतात, पण झुडपात अडकलेले तुकडे आणि गवतातली पाकिटं तशीच राहतात. हीच गुरं चरायची जागा असते. गोड लागलेलं पाकीट किंवा प्लॅस्टिकची रिबीन गाय-म्हैस खाते, ती पोटात अडकते आणि जनावर दगावू शकतं. म्हणून एक फेरी स्वीपरची आणि दुसरी दोन-तीन दिवसांनी उजेडात, उलट्या दिशेने मारा. उलट चालताना जाताना न दिसलेले तुकडे दिसतात. रनरच्या गर्दीने बांधाचे दगड ढासळले असतील तर तेही रचून द्या. हे झाल्याशिवाय गावात आभार मानायला जाऊ नका.

स्वयंसेवकांना पहिला निरोप मात्र या सगळ्यासाठी थांबवायचा नाही. तो चोवीस तासांच्या आत आणि प्रत्येकाला वेगळा जायला हवा. ग्रुपवर टाकलेला मोठा मजकूर आणि त्याखाली पन्नास जणांचे जोडलेले हात, हा आभार नव्हे. नव्वद निरोप एकट्याने लिहायचे नाहीत, पॉइंट प्रमुखांनी आपापल्या सात-आठ जणांना लिहायचे. मसुदा साधारण असा:

‘ताई, काल तुम्ही सहा नंबरच्या वळणावर पहाटे साडेपाचपासून सव्वाअकरापर्यंत उभ्या होतात. आठच्या सुमारास धुकं उतरलं तेव्हा तुम्ही पुढे वीस पावलं जाऊन उभ्या राहिलात, म्हणून तिथून कुणी चुकीच्या वाटेला गेलं नाही. शेवटचा रनर सुखरूप पोचला. पोहे तुमच्यापर्यंत उशिरा आले, ती आमची चूक होती, पुढे नीट करू. मनापासून आभार.’

यात वेळ आहे, जागा आहे, केलेलं काम आहे, आणि आयोजनात राहिलेली उणीवही मान्य केली आहे. ही शेवटची गोष्ट लोक गाळतात. पाच तास उपाशी उभ्या राहिलेल्या बाईला नुसतं ‘सगळं छान झालं’ म्हटलं तर ते तिला खोटं वाटतं, आणि ते खोटंच असतं. याच निरोपात पुढच्या वर्षीचं आमंत्रण, फोटोंची लिंक, फीडबॅकचा फॉर्म असं काही घालू नका. आभारात काम मिसळलं की ते कामाचाच निरोप वाटतात.

रनरकडून आलेले आभार याहूनही मोलाचे असतात, कारण मार्शल कुणासाठी उभा होता तर त्यांच्यासाठी. निकालाचा मेसेज रनरना पाठवाल तेव्हा एकच प्रश्न विचारा: कोणत्या पॉइंटवर कुणी मदत केली, काय केलं? फिनिशला दमलेल्या माणसाला कागद-पेन देऊन फार काही मिळत नाही, दोन दिवसांनी घरी बसून तो नीट लिहितो. आलेली वाक्यं पॉइंटप्रमाणे वेगळी करून त्या त्या टीमला जशीच्या तशी पाठवा. नाव माहीत नसल्याने रनर ‘लाल टोपीवाले काका’ किंवा ‘मीठ-लिंबू देणारी मुलगी’ असं लिहितात. ते कोण हे शोधून त्यांच्यापर्यंत पोचवा.

पोलीस, वनविभाग आणि आरोग्य कर्मचारी यांचे आभार वेगळ्या रीतीने मानायचे. त्यांना भेटवस्तू देऊ नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्यांना भेटी स्वीकारण्यावर बंधनं आहेत, आणि चांगल्या भावनेने दिलेल्या वस्तूने माणूस अडचणीत येतो. त्यांच्या उपयोगाचं असतं ते वरिष्ठांकडे गेलेलं पत्र. घाटातल्या बंदोबस्तासाठी जिल्हा पोलीस अधीक्षकांना पत्र लिहा, प्रत पोलीस ठाण्याच्या निरीक्षकांना द्या. पत्रात कर्मचाऱ्याचं नाव, बक्कल नंबर, तारीख, जागा आणि वेळ घाला. ‘पोलिसांनी उत्तम सहकार्य केले’ या वाक्याने कुठल्याच हवालदाराचं भलं होत नाही, बक्कल नंबर असलेलं पत्र मात्र त्याच्या नोंदीला लागू शकतं. वनरक्षकांसाठी असंच पत्र उपवनसंरक्षक कार्यालयाला, प्रत वनक्षेत्रपालांना. त्यासोबत वाट साफ केल्याचे तारखेसह फोटो जोडा. पुढच्या वर्षी परवानगीचा अर्ज टेबलावर येईल तेव्हा हे पत्र आधीच फाइलला असेल. अँब्युलन्सचे डॉक्टर आणि चालक यांनाही संस्थेच्या लेटरहेडवर नावानिशी पत्र द्या. कुणी जखमी झालं नसलं तरी ते सहा तास तिथे थांबून होते.

गावांचे आभार मानायला गावात जा. सरपंचांना साताऱ्याला बोलावून शाल-श्रीफळ देणं सोपं असतं, पण त्यात गाव येत नाही. जायची वेळ विचारून ठरवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात या पट्ट्यात भाताची काढणी-झोडणी चालू असते, दिवसा माणूस घरी सापडत नाही. संध्याकाळी डेअरीला दूध घातल्यावर, साडेसात-आठला देवळात किंवा पारावर लोक निवांत भेटतात. कासच्या फुलांचा हंगाम चालू असेल तर शनिवार-रविवार टाळा, रस्त्यालगतच्या गावांतली घरं त्या दोन दिवशी पर्यटकांच्या गर्दीत गुंतलेली असतात. आधी सरपंच, पोलीस पाटील आणि ज्येष्ठांपैकी एकाशी बोला. नारळ-शाल कुणाला द्यायची हे त्यांनाच विचारा. मानाचा क्रम गावाला माहीत असतो, बाहेरच्याने तो ठरवायचा नाही. गावात दोन गट असतील तर ज्या गटातल्या लोकांनी वाट दाखवली त्यांनाच पुढे करू नका, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा गट वाट अडवेल.

तिथे भाषण दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. त्यात हिशेब सांगा: किती जण धावले, गावातून भाकरी, दूध, टेम्पो यांचे किती पैसे झाले आणि ते कुणाच्या खात्यावर गेले, कचरा किती पोती निघाला आणि तो कुठे टाकला. गावकऱ्यांना पडणारे प्रश्न बहुधा हेच असतात, पण पाहुणा म्हणून तुम्हाला कुणी विचारत नाही. मग तुम्ही विचारा, त्रास काय झाला? पहाटे गाड्यांच्या हॉर्नने जनावरं बुजली, पार्किंगमुळे दुधाची गाडी अडकली, रनर उभ्या पिकातून गेले, असं काहीतरी निघतंच. जागेवर स्पष्टीकरण देऊ नका, वहीत लिहून घ्या आणि काय बदलाल ते सांगा.

शाळेला रोख रकमेपेक्षा वस्तू द्या, आणि ती मुख्याध्यापकांना विचारूनच. मुलांनी लेझीम खेळून रनरचं स्वागत केलं असेल तर शाळेतल्या लेझमांची स्थिती विचारा, तुटलेल्या जोड्या बदलून देणं हा उत्तम आभार आहे. वस्तूची नोंद शाळेच्या जडवस्तू संग्रह रजिस्टरला होईल अशी पावती सोबत द्या. मुलांना मात्र खाऊ त्याच दिवशी हवा. आणि रनरना दिलं तसं एखादं मेडल शाळेला भिंतीवर लावायला दिलं, तर ते मुलं वर्षभर बघतात.

आता प्रमाणपत्रं. ती सगळ्यांना नकोत. चाळिशीतल्या शेतकऱ्याला किंवा दुकानदाराला त्याचा काही उपयोग नाही, कॉलेजच्या मुलांना मात्र आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२०, म्हणजे दोन वर्षांत २४० तासांचं काम दाखवावं लागतं. त्याच्या प्रमाणपत्रावर ‘उत्स्फूर्त सहभागाबद्दल’ एवढंच लिहिलं तर कार्यक्रम अधिकारी तास धरणार कसे? तारीख, प्रत्यक्ष तास, कामाचं स्वरूप, आयोजकाची सही, संस्थेचा शिक्का आणि पडताळणीसाठी संपर्क या गोष्टी हव्यात. आदल्या दिवशीची मार्किंगची आणि नंतरच्या सफाईची वेळही तासांत धरा, मुलं ती विसरतात. तास फुगवू नका, एकाचं खोटं निघालं की सगळ्यांचं संशयात येतं. कॉलेजला नाव मराठीत हवं की इंग्रजीत ते आधी विचारा. कोऱ्या जागेत पेनने नाव लिहायचे छापील गठ्ठे आणू नका. जाड कागदावर नाव छापून घ्या, अनुक्रमांक टाका, आणि मुलांना पीडीएफही पाठवा.

मदत करणाऱ्या दुकानदारांचे आभार मानताना त्यांनी दिलेल्या वस्तूचं काय झालं ते सांगा. ‘तुम्ही दिलेल्या ४० जारांपैकी ३४ लागले, सर्वांत जास्त पाणी चढ संपल्यावरच्या पॉइंटवर गेलं, उरलेले सहा भरलेले जार आणि सगळे रिकामे जार परत पाठवलेत’, असं पत्र आलं की त्याला आपली मदत वाया गेली नाही हे दिसतं. जार परत करायचे राहिलेले असताना आभाराचं पत्र गेलं तर त्याचा उलटाच अर्थ होतो.

पैसे देणाऱ्यांच्या बाबतीत देणगी आणि प्रायोजकत्व यांत गल्लत करू नका. धर्मादाय संस्थेला मिळालेल्या देणगीबद्दल कृतज्ञता म्हणून देणगीदाराचं नाव लावलं आणि त्यातून त्याच्या धंद्याची जाहिरात होत नसेल, तर त्यावर जीएसटी लागत नाही, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. पण टी-शर्टवर दुकानाचा लोगो, कमानीवर मालाची जाहिरात असं काही कबूल करून पैसे घेतले असतील तर तो जाहिरातीचा व्यवहार झाला. त्याला देणगीची पावती द्यायची नाही, बिल द्यायचं. म्हणून आभाराच्या फलकावर ‘यांच्या सौजन्याने’ लिहून मालाचे भाव आणि ऑफर छापण्याआधी संस्थेच्या सीएला दाखवा. तुमच्या संस्थेला ८०जी ची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, मान्यता असेल तरच तसा उल्लेख करा. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, वस्तुरूप मदतीलाही मिळत नाही. केळीवाल्याला ८०जी ची पावती देऊ करणं म्हणजे त्याची फसवणूक होईल, हेतू कितीही चांगला असला तरी.

टी-शर्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे. रनरचे उरलेले टी-शर्ट स्वयंसेवकांना वाटू नका. उरतात ते एकतर फार लहान किंवा फार मोठे, आणि घेणाऱ्याला आपण उरल्यासुरल्याचे धनी आहोत हे लगेच कळतं. टी-शर्ट द्यायचाच तर वेगळ्या रंगाचा, माप आधी विचारून आणि रनच्या आधी द्या, म्हणजे तो दिवसभर ओळखीलाही कामी येतो. आता रन झाल्यावर नव्याने छापण्यात पैसे घालू नका. कंदी पेढ्यांचा छोटा पुडा आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी पुरेशी आहे. कंदी पेढ्याचा खवा चांगला भाजलेला असल्याने तो मऊ पेढ्यापेक्षा जास्त दिवस टिकतो आणि घरोघर पोचवायला दोन-तीन दिवस गेले तरी चालतं. दुकानात वजनावर सांगू नका, पाव किलोचे तयार पुडे मागा आणि यादीपेक्षा दहा पुडे जास्त घ्या. यादी कितीही नीट केली तरी एक-दोन जण वाटताना आठवतातच. हे पुडे पॉइंट प्रमुखांनी हातोहात द्यायचे. चौकात बोलावून रांगेत वाटायचे नाहीत.

हे सगळं झाल्यावर, तीन-एक आठवड्यांनी, फक्त स्वयंसेवकांसाठी एक जेवण ठेवा. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, ठेचा, ताक आणि एक गोड. घरच्यांना सोबत आणायला सांगा, कारण पहाटे तीनला डबा करून देणाऱ्याही त्याच असतात. नव्वद स्वयंसेवक असतील तर घरच्यांसह दीडशेचा अंदाज धरा. बचत गटाकडूनच जेवण घेतलं तर त्यांना पुन्हा काम मिळतं, पण त्या दिवशी त्यांनी वाढायचं नाही. वाढपी ग्रुपचे रनर. व्यासपीठ, पाहुणे, हार काही नको. जेवणाआधी अर्धा तास प्रत्येक पॉइंटच्या टीमने उठून दोन गोष्टी सांगायच्या: काय चाललं, काय अडलं. दोन माणसांनी लिहून घ्यायचं. बोलणाऱ्याला मध्येच थांबवून आयोजकाने खुलासा करायचा नाही. लोकांना इथे ऐकून घेतलं जातंय असं दिसलं तरच ते खरं बोलतात.

पुढच्या रनसाठी दोन गोष्टी आत्ताच वहीत टाका. बक्षीस समारंभ दहाला उरकतो आणि स्वीपर व शेवटच्या पॉइंटचे मार्शल साडेबाराला उतरतात, तेव्हा मंडप सुटलेला आणि नाश्ता संपलेला असतो. त्यांच्या वाट्याची ताटं नावाचं लेबल लावलेल्या डब्यांत सुरुवातीलाच वेगळी काढा, आणि ती जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. डोंगरावरच्या पॉइंटसाठी पोहे पाठवू नका, डब्यात वाफ धरून ते दोन तासांत गिचका होतात. भाकरी-ठेचा, राजगिऱ्याचे लाडू आणि केळी पहाटे सामानासोबतच वर गेली पाहिजेत. चहाचा थर्मास साडेसातच्या आत. आणि शेवटचा स्वीपर पोचेपर्यंत फिनिशची कमान उतरवायची नाही, ग्रुपचे निदान दहा जण तिथे थांबले पाहिजेत.